धाब्याखालचा टेकू

मित्रांनो, टिटवी म्हणे पाय वर करून झोपते. आभाळ कोसळलेच तर आपण ते पायांवर झेलू, अशी तिची खात्री असते, आणि लोक तिला हसतात. मला मात्र कोणी हसू नका. माझ्या डोक्यावर खरोखरच एक छत होते आणि ते मी खरोखरच तोलून धरले होते. मी सागाचा टेकू आहे. वयाने जुना, अंगाने सरळ आणि स्वभावाने थोडा बढाईखोर. सरळ लाकडाला एवढी बढाई शोभते.

माझा जन्म डांगच्या जंगलातला. तिथले दिवस मला फारसे आठवत नाहीत. झाडाला आपण झाड आहोत याचे कौतुक नसते. मला आठवते ती करवत. तिने मला चौकोनी केले आणि मी सुरतेत एका कापडाच्या गोदामात खांब म्हणून उभा राहिलो. माझ्या डोक्यावर पोटमाळा होता आणि पोटमाळ्यावर साड्यांचे गठ्ठे. शेठ पाहुण्यांना आत आणायचे, माझ्या अंगावर थाप मारायचे आणि म्हणायचे, "असल साग छे!" मी तेव्हा छाती फुगवत असे. पुढे शेठ गेले, मुलांनी गोदाम पाडून तिथे उंच मार्केट बांधले, आणि मी जुन्या लाकडांच्या वखारीत येऊन पडलो. कौतुकाचे असेच असते, ते इमारतीबरोबर जाते. वखारीत वाळवीने माझा वास घेतला, पण दात लागेनात म्हणून ती शेजारच्या मऊ लाकडाकडे वळली.

तिथे मला काशिनाथ भेटला. तो जालन्याकडचा. सुरतेत सेंटरिंगची कामे घ्यायचा, म्हणजे नवा स्लॅब ओतताना त्याला खालून आधार द्यायचा. त्याने बोटाच्या पेराने मला ठोकून पाहिले, कान लावला आणि म्हणाला, "ह्याचा आवाज खणखणीत हाय. हे लाकूड अजून लई स्लॅब उतरवतंय." त्याने माझी दोन्ही टोके नीट कापून घेतली आणि मी खांबाचा टेकू झालो.

तेव्हापासून मी गावभर हिंडलो. भेस्तानला घरे उभी केली, सचिन नावाच्या गावात कारखान्यांच्या शेड उभ्या केल्या. पण मित्रांनो, टेकूचा धंदा मोठा विचित्र आहे. ओला स्लॅब डोक्यावर घ्यायचा, तो वाळून घट्ट झाला की आपल्याला काढून टाकतात, मग घराला रंग लागतो, तोरण लागते आणि माणसे राहायला येतात. मी उभा असतो तेव्हा घरात माणूस नसतो. माणूस येतो तेव्हा मी नसतो. मी इतकी घरे उभी केली, पण एकाही घरात भाकरीचा वास घेतला नव्हता. याचे मला फार वाईट वाटे.

मग सत्त्याण्णव सालची संक्रांत आली आणि मला सुरतेतल्याच गोडादऱ्याला बोलावणे आले.

गोडादऱ्यात खानदेशातून आलेल्या माणसांनी स्वतःच्या मेहनतीने एक वाडी बांधली होती. सुरतेत समाजाच्या सभागृहाला वाडी म्हणतात. एक लांबलचक खोली, पुढे आणि बाजूने ओटा, दोन्हीकडे दारे, वर सपाट छत. दुपारी तिथे शिवणाचा वर्ग भरे, संध्याकाळी भजन, लग्नसराईत लग्ने. आणि रोज सकाळी सरलाबाईंची बालवाडी.

ही बालवाडी कशी सुरू झाली ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे कळेल. यंत्रमागाच्या कारखान्याला इथे खाता म्हणतात. बाप खात्यात माग चालवणार, आई साड्यांना काठ लावायला नाहीतर धागे कापायला जाणार, मग लहान मूल कुठे राहणार? ते बापाबरोबर खात्यात जायचे आणि चालू मागांच्या मधल्या बोळात कापडाच्या ताक्यावर झोपायचे. चंचल नावाची एक चिमुरडी अशीच झोपायची. एके दिवशी तिच्या फ्रॉकचा बंद मागाच्या पट्ट्यात गेला. बापाने झेप घेऊन बटण दाबले म्हणून पोर वाचली. ते ऐकल्यावर सरलाबाई स्वतः खात्यात गेल्या, तिला कडेवर घेतले आणि वाडीत आणून बसवले. मग खात्याखात्यांतून मुले गोळा केली. तेव्हापासून बालवाडीला ना दिवाळीची सुट्टी ना उन्हाळ्याची, कारण मागांना सुट्टी नव्हती.

संक्रांतीला सुरत शहर जमिनीवर नसतेच, ते छतावर असते. वाडीच्या छतावरही सगळी गल्ली पतंग घेऊन चढली होती. "काप्यो छे!" म्हणून वर उड्या पडल्या आणि खाली छताच्या पोटातून भाकरीएवढा पोपडा सुटून बालवाडीच्या चटईवर पडला. मुलेही पतंग बघायला वरच होती, म्हणून निभावले.

वाडीच्या मंडळाचे अध्यक्ष सुकलालआप्पा. खात्यात मुकादम, भारदस्त मिशा, गल्लीत शब्दाला मान. त्यांनी पोपडा हातात घेऊन निकाल दिला, "खारीना थर कमी पडना व्हई. आखाजीले आखो टाकी देऊत."

मित्रांनो, सगळी गोम या वाक्यात होती. खानदेशात घरांवर मातीचे सपाट छत असते. त्याला धाबे म्हणतात. ते गळू नये म्हणून पावसाळ्याआधी त्यावर खारी माती पसरतात. आणि सुरतेतले गुजराती लोक सिमेंटच्या स्लॅबला काय म्हणतात ठाऊक आहे? धाबू! वाडी बांधून झाली तेव्हा गवंड्याने आप्पांना सांगितले होते, "धाबू थई गयू." आप्पांनी ऐकले, धाबे झाले. मग धाबे म्हटल्यावर खारी आलीच. आप्पा दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पांझरा नदीकाठच्या आपल्या गावाहून गोण्या भरून खारी मागवत आणि छतावर थर देत. दर वर्षी नवा थर. माती पाणी पिऊन बसे, स्लॅब ओला राही, आतले लोखंड गंजून फुगे आणि पोपडे काढी. गळू लागले की आप्पा म्हणत, खारी कमी पडली. करायला गेले गणपती आणि झाले माकड, असा तो प्रकार होता.

हे सगळे शोधून काढले भूपेंद्रने. आप्पांचा पुतण्या, सुरतेतच वाढलेला, शिकून इंजिनिअर झालेला. तो छतावर गेला, फावड्याने खणून पाहिले आणि घाम पुसत खाली आला.

"आप्पा, खारी कमी नाही पडली, खारीच वधारे झाली. गावचं धाबं लाकडाचं असतं. हे धाबू लोखंड-सिमेंटचं. ह्याला माती चालतच नाही. सगळी उतरवायला पाहिजे."

"तू सुरतमा जन्मना," आप्पा म्हणाले. "तुले काय माहीत धाबं!"

पण दुसऱ्या पोपड्यातून गंजलेली सळई डोकावू लागली, तेव्हा दुरुस्ती करायचीच असे ठरले. वाडीच्या ओट्यावर सभा भरली. आप्पा म्हणाले, दोन महिने वाडीला कुलूप लावू. "दोन महिना पोरे घर ऱ्हायनात ते काय बिघडी?"

चंचलची आई सुषमा तिला कडेवर घेऊन मागे उभी होती. ती कधी सभेत बोलत नसे. त्या दिवशी बोलली. "घर कोन शे, आप्पा? हाई घर नही ऱ्हाई. हाई खातामा जाई."

सरलाबाई उठल्या. त्या आवाज चढवत नसत, पण त्यांचे बोलणे शेवटच्या माणसापर्यंत जाई. "दुरुस्ती करा. पन बालवाडी एक दिन बी बंद व्हवाले नको." मग त्यांनी भूपेंद्रकडे वळून विचारले, "होईल का असं, भूपेंद्र? वाडी चालू ठेवून?"

भूपेंद्रने बराच वेळ डोके खाजवले. मग ओट्यावर खडूने वाडीचा चौकोन काढला आणि मधोमध रेघ ओढली. "अर्धी अर्धी करू. आधी पुढची बाजू, तोवर मुलं मागे. मग मागची, तेव्हा मुलं पुढे. तोडफोड फक्त दुपारनंतर. सकाळी बिनआवाजाचं काम. पण मुलं असतील त्या बाजूलाही टेकू लावणार, म्हणजे लावणारच."

अशा रीतीने काशिनाथ आम्हाला हातगाडीवर घालून वाडीत घेऊन आला. आमच्यात निम्मे लाकडी आणि निम्मे लोखंडी जॅक. हे जॅक फार तोऱ्यात असतात. खाली आटे फिरवले की उंच होतात, त्यामुळे त्यांना वाटते आपणच शिकलेले. काशिनाथ त्यांना मुलांच्या बाजूला लावू लागला तेव्हा भूपेंद्रने त्याचा हात धरला.

"मुलांकडे लाकूड लावा, काशिनाथभाऊ. लोखंड न सांगता वाकतं. लाकूड आधी बोलतं."

"म्या तेच म्हणणार हुतो," काशिनाथ म्हणाला. तो तसे मुळीच म्हणणार नव्हता, पण असू द्या. माणूस भला होता.

मी मागच्या बाजूला, अगदी मधोमध उभा राहिलो. खाली फळी, वर फळी, मध्ये पाचर ठोकून मला घट्ट केले. मग सुषमाने आपल्या कामावरून छपाई बिघडलेल्या साड्या आणल्या आणि बायकांनी त्या जोडून वाडीच्या मधोमध पडदा टांगला. धूळ इकडे येऊ नये म्हणून तो दिवसभर ओला ठेवत. मुले त्याच्यावर रंग ओळखायला शिकली. जांभळा कुठला आणि वांगी कुठला, यावर त्यांची रोज भांडणे होत.

मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा मी उभा होतो आणि माझ्या आजूबाजूला माणसे होती! मुले माझ्याभोवती फेर धरत. माझ्या अंगाला शेंबूड पुसत, तोही मी आनंदाने पुसून घेतला. डबे उघडले की कळण्याच्या भाकरीचा आणि ठेच्याचा वास येई. सरलाबाईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना माझ्यासमोर उभे करून सांगितले, "हा लाकूडदादा. याचं आपल्यावर लक्ष असतं. हा करकर बोलला, की पाटी टाकायची, चप्पल शोधायची नाही, सरळ ओट्यावर पळायचं." आणि त्या मुलांकडून रोज पळण्याचा खेळ घेत. चंचल माझ्या पायाशी पाठ टेकून बसे. ती जागा तिने कोणाला दिली नाही.

पुढच्या बाजूचे काम झकास चालले. सैल झालेले काँक्रीट पाडले, सळया तारेच्या ब्रशने घासून लखलखीत केल्या, जिथे फारच गंजल्या तिथे नव्या जोडल्या आणि सगळे पुन्हा भरून काढले. वरची खारी काढून तिथे पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवले. ते पक्के व्हावेत म्हणून त्यावर सिमेंटच्या छोट्या पाळी घालून शेतातल्या वाफ्यासारखे पाणी भरून ठेवले. भूपेंद्र खूश होता. मीही त्याला मनातल्या मनात शाबासकी दिली.

पण काढलेली खारी गेली कुठे? ती खाली उतरवण्याचे काम आप्पांनी आपल्याकडे घेतले होते. भूपेंद्र एका दुपारी सचिनच्या कामावर गेला असताना आप्पांनी मजुरांना ती माती छतावरच मागच्या बाजूला सारायला लावली. तिथे आधीचे थर होतेच. त्यावर हा ढीग, आणि वर ताडपत्री, म्हणजे भूपेंद्रला ते सामान वाटावे. मी ते सगळे डोक्यावर अनुभवत होतो. एक मजूर घुटमळला, तेव्हा आप्पांचा आवाज मी ऐकला.

"खाले टेकू शेतंस ना? मंग काय भ्याव?"

आप्पा वाईट नव्हते. ती माती त्यांच्या गावची होती. ज्यांना सणाला गावी जायला मिळत नसे, ते लोक गोणीतली चिमूटभर माती कपाळाला लावून मग ती छतावर पसरत. अशी माती गटारात कशी टाकायची? दुरुस्ती झाली की भूपेंद्रचे मन वळवू, असे त्यांना वाटत होते. मला त्यांचे मन कळत होते. पण मन कळून भार हलका होत नाही.

मी पाय रोवून उभा राहिलो. कोरडी माती मी पेलली असती. मात्र एका सकाळी पुढच्या बाजूची पाळ फुटली आणि वाफ्यातले सगळे पाणी मागच्या ढिगात शिरले. माती पाणी प्यायली. भार उतरणीवरच्या गाड्यासारखा वाढू लागला. माझ्या शेजारचा टेकू थोडा खचला आणि त्याचाही वाटा माझ्यावर आला. माझ्या कुशीतून एक चीर निघाली. मला दुखले. मी गोदामाचा खांब होतो तेव्हाही एवढे दुखले नव्हते. माझ्याभोवती मुले मोठमोठ्याने बडबडगीत म्हणत होती. आजूबाजूच्या खात्यांतले माग खडखडत होते. मी सगळा जीव एकवटून बोललो. करकर, करकर.

कोणीही ऐकले नाही. खात्यांच्या गल्लीत राहणाऱ्यांचे कान तसेही निबर झालेले असतात. पण चंचलची पाठ मला टेकलेली होती. ती मागांच्या बोळात वाढलेली पोर. यंत्र बिघडले की जमीन आधी थरथरते, हे तिला अंगाने ठाऊक होते. ती ताडकन उठली.

"बाई! दादा बोलना!"

सरलाबाईंनी गाणे थांबवले नाही. त्या उठून बाजूच्या दाराशी उभ्या राहिल्या, गाणे म्हणतच टाळ्या वाजवू लागल्या, आणि मुले रोजच्या खेळासारखी पाट्या टाकून ओट्यावर पळाली. चप्पल कोणी शोधली नाही. सगळ्यांत शेवटी बाई बाहेर पडल्या. तोवर मी वाकलो नाही. ही माझी बढाई नाही मित्रांनो, विचारा हवे तर कोणालाही.

भूपेंद्र आला तो धावत जिन्याने वर गेला. पाठोपाठ आप्पा. भिजलेल्या ढिगात त्यांचे पाय रुतले, ते मला स्लॅबमधून कळले. मग आप्पा बोलले. आवाज ओळखू येईना इतका बदललेला होता.

"पोरे खाले व्हतात?"

"हां," भूपेंद्र म्हणाला. एवढेच.

पहिले घमेले आप्पांनी स्वतः भरले आणि छतावरून खाली अंगणात रिकामे केले. मग दुसरे. खात्यातली पाळी संपवून घरी चाललेली माणसे हे पाहून थांबली, जिन्यावर रांग लागली आणि घमेली हातोहात खाली येऊ लागली. काशिनाथने खालून माझ्या दोन्ही बाजूंना जॅक लावले. तोऱ्यात असले तरी त्या दिवशी मला ते भावांसारखे वाटले. हळूहळू माझे डोके हलके झाले. वर आप्पा माती ओढता ओढता रडत होते, हे मला स्लॅबमधून ऐकू आले. गाव सोडले तेव्हाही ते असे रडले नसतील.

त्या दिवशीची बालवाडी ओट्यावर भरली. दुसऱ्या दिवशी पुढच्या नव्या बाजूला भरली. एक दिवसही चुकला नाही, एकही मूल खात्यात गेले नाही. उतरवलेली खारी सरलाबाईंनी वाया जाऊ दिली नाही, अंगणात पसरून चोपून घेतली. खारीत गवत उगवत नाही, त्यामुळे खेळायला अंगण फक्कड झाले. आप्पा सकाळी तिथे अनवाणी उभे राहू लागले.

मग मागच्या बाजूचे काम सुरू झाले. मी तिथेच होतो, कुशीला तारेचा वेढा घालून. काशिनाथ मला बदलायला निघाला होता, पण भूपेंद्र म्हणाला, "राहू द्या. ह्याने सांगितलं म्हणून कळलं." मित्रांनो, शेठच्या थापेपेक्षा हे शब्द मला मोठे वाटले.

शेवटी टेकू काढायचा दिवस आला. बाकीचे काढून झाले, मी उरलो. मला काढले की छत स्वतःच्या पायांवर उभे राहणार. पडद्यापलीकडे मुलांचे गाणे चालू होते. काशिनाथने हातोडा घेतला आणि नेहमीप्रमाणे सांगितले, "खाली कोणी थांबू नका."

सगळे मागे सरले. आप्पा पुढे आले. टोपी काढून बगलेत धरली आणि माझ्या शेजारी, छताखाली अगदी मधोमध येऊन उभे राहिले.

"आप्पा, बाजूला व्हा," भूपेंद्र म्हणाला. "काही होणार नाही, पण नियम आहे."

"माती मीच टाकेल व्हती," आप्पा म्हणाले. "खाले मीच उभा ऱ्हासू. ठोक रे, काशिनाथ."

काशिनाथने भूपेंद्रकडे पाहिले. भूपेंद्रने छताकडे पाहिले, आपल्या कामाकडे पाहिले आणि तोही पुढे येऊन काकांच्या शेजारी उभा राहिला. हातोडा पडला. पाचर निसटली. मी कलंडलो आणि आप्पांनी मला दोन्ही हातांनी झेलले. छत जागच्या जागी होते. धुळीचा कणसुद्धा पडला नाही. सरलाबाईंनी साड्यांचा पडदा ओढून बाजूला केला आणि म्हणाल्या, "चला रे पोरांनो, आता मधोमध बसा." मुले धावत आली आणि चंचल माझ्या जुन्या जागेवर फतकल मारून बसली. तिला टेकायला आता काहीच नव्हते, तरी ती ताठ बसली होती.

मित्रांनो, तुमची शाळा, तुमचा दवाखाना, तुमच्या गल्लीतली वाडी कधी आजारी पडेल. तेव्हा आतल्या माणसांना सरळ बाहेर काढू नका. त्यांना जायला दुसरी जागा आहे का, ते आधी विचारा. टेकू लावा, पण टेकू आहे म्हणून वरचे ओझे वाढवू नका. लाकूड बोलले तर ऐका. आणि टेकू काढायची वेळ आली, की ज्याने वर माती टाकली असेल, त्याने आधी खाली उभे राहावे.